नऊच्या गाडीने जाणारा माणूस

जूनमध्ये इटलीत गाडी भाड्याने घेऊन टेकड्यांवरची जुनी गावं बघायची, असं बायकोचं आणि माझं ठरलं. त्याच रात्री मी स्प्रेडशीट उघडली. आठ दिवस, अकरा गावं. प्रत्येक गावापुढे अंतर, पार्किंगची जागा आणि वेशीच्या आत गाडी नेता येते की नाही. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण तिथल्या बऱ्याच जुन्या गावांत ‘झेडटीएल’ असतो, म्हणजे परवाना असलेल्या गाड्यांपुरता राखलेला भाग. चुकून आत शिरलात तर कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येऊ शकतं. मग मी आणखी एक रकाना वाढवला : ‘अस्सलपणा’, दहापैकी गुण. सान जिमिन्यानोला चार दिले, कारण तिथे गर्दी फार. लुचिन्यानोला नऊ दिले, कारण त्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. बायकोने मागून डोकावून विचारलं, “न बघताच गुण?”

लुचिन्यानोची माहिती शोधता शोधता अब्बास किआरोस्तामीचा ‘सर्टिफाइड कॉपी’ सापडला. २०१० चा सिनेमा, इराणबाहेर चित्रित केलेला त्याचा पहिला पूर्ण कथापट. त्यासाठी जुलिएत बिनोशला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. प्रवासाची तयारी म्हणून आम्ही तो लावला. त्यानंतर त्या रकान्यात मला काही भरता आलेलं नाही.

गोष्ट एका दिवसाची आहे. जेम्स मिलर हा इंग्रज लेखक आपल्या पुस्तकाच्या कार्यक्रमासाठी टस्कनीत येतो. पुस्तकाचं म्हणणं असं, की चांगली नक्कल अस्सलाइतकीच मोलाची असते. तिथे राहणारी एक फ्रेंच बाई, जिचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे आणि जिचं नाव सिनेमा आपल्याला सांगत नाही, ती त्याला गाडीतून लुचिन्यानोला घेऊन जाते. त्याला रात्री नऊची गाडी पकडायची आहे. तिथल्या कॅफेत तो फोन घ्यायला बाहेर जातो, तेव्हा मालकीणबाई त्याला हिचा नवरा समजतात आणि ही त्यांना दुरुस्त करत नाही. तिथून पुढे दोघं नवरा-बायकोसारखं बोलायला लागतात, भांडायला लागतात. लग्नाला पंधरा वर्षं झाल्याचे, वाढदिवसाच्या रात्री झोपून गेल्याचे हिशेब निघतात.

पहिल्यांदा पाहताना मी हा सिनेमा बग शोधावा तसा पाहिला. हे खरंच नवरा-बायको आहेत आणि आधी अनोळखी असल्याचं नाटक करत होते? की अनोळखी आहेत आणि आता संसाराचं नाटक करतायत? मी पुरावे टिपून ठेवले. आधी इंग्रजीत बोलणारा जेम्स पुढे अस्खलित फ्रेंच बोलू लागतो, हा एका बाजूचा. सुरुवातीचं दोघांमधलं अवघडलेपण, हा दुसऱ्या बाजूचा. कुठलाही सिद्धांत धरला तरी निम्मा सिनेमा हातातून निसटतो. या सिनेमाबद्दल बोलणारे बरेच जण याच कोड्यापाशी थांबतात. मला वाटतं, किआरोस्तामीने उत्तर लपवलेलंच नाही. त्याला जेम्सचा सिद्धांत तपासायचा आहे. वस्तूंबद्दल खरा असलेला विचार माणसांबद्दल बोलताना टिकतो का, एवढाच त्याचा प्रश्न आहे.

वस्तूंबद्दल तो विचार टिकतो, आणि त्याला टस्कनीइतका चांगला साक्षीदार नाही. फ्लॉरेन्सच्या मुख्य चौकात लोक ज्या डेव्हिडपुढे फोटो काढतात ती नक्कल आहे. मायकेलअँजेलोचा मूळ पुतळा १८७३ मध्ये संग्रहालयात हलवला गेला आणि चौकातली नक्कल १९१० पासून उभी आहे. माझ्या यादीतलं पिएन्झा हे ‘जुनं’ गाव म्हणजे दुसऱ्या पायस पोपने आपल्या जन्मगावाचं केलेलं नियोजित शहर आहे. वास्तुविशारद बेर्नार्दो रोसेलिनोने १४५९ पासून ते उभं केलं, आजच्या भाषेत ग्रीनफिल्ड प्रोजेक्टच्या जवळ जाणारं. सायप्रसच्या रांगा आणि गव्हाच्या टेकड्यांचं ते वाल दोर्चा खोरं, जे आपण सगळ्यांनी वॉलपेपरवर पाहिलंय, तेसुद्धा निसर्गाने आपोआप दिलेलं नाही. चौदाव्या-पंधराव्या शतकांत सिएनाने ते आखून वसवलं. चांगलं राज्य कसं दिसावं, देखणं असावं, या कल्पनेतून. ती कल्पना आंब्रोज्यो लोरेन्झेत्तीने सिएनाच्या नगरभवनात १३३८-३९ मध्येच भिंतीवर रंगवून ठेवली होती. म्हणजे ज्या भूदृश्याला आपण अस्सल म्हणतो, त्याचं चित्र खोऱ्याला आजचं रूप येण्याआधीच तयार होतं. माझ्या रकान्यात याला किती गुण द्यायचे?

इथपर्यंत जेम्स जिंकतो. मग कॅफेतला प्रसंग येतो. पुस्तकाची कल्पना कशी सुचली ते जेम्स सांगतो. फ्लॉरेन्समध्ये त्याने एक आई आणि तिचा मुलगा पाहिले होते. आई पुढे चालायची, मुलगा मागे रेंगाळायचा. पुढे डेव्हिडच्या त्या नकलेपाशी ती दोघं त्याला दिसली आणि त्यातून त्याला पुस्तकाचा धागा मिळाला. तो हे छान रंगवून सांगतो. समोर बसलेल्या बाईच्या डोळ्यांत पाणी येतं. ती आई हीच असावी. ज्या दिवसांत तिला मुलाला सोबत घेऊन चालण्याचंही त्राण नव्हतं, ते दिवस कुणीतरी लांबून पाहिले आणि त्याचं पुस्तक केलं.

माझ्या लेखी सगळा सिनेमा या मिनिटभरात आहे. नक्कल आणि अस्सल यांत फरक नाही, हे जेम्सला सहज म्हणता येतं, कारण त्याला नऊची गाडी आहे. तिला त्याच गावांच्या मध्ये राहायचं आहे, दुकान चालवायचं आहे, मुलाला वाढवायचं आहे. तिच्या वाट्याला सिद्धांत येत नाही, फक्त त्यात वापरलेला कच्चा माल तिचा असतो.

किआरोस्तामी हे संवादापेक्षा कॅमेऱ्याने जास्त सांगतो. आरेत्झोच्या अरुंद गल्ल्यांतून गाडी जाते तेव्हा कॅमेरा समोरच्या काचेबाहेर असतो. त्या काचेवर दोन्ही बाजूंच्या घरांची प्रतिबिंबं सरकत असतात आणि त्यांच्या आड दोघांचे चेहरे. गाव त्यांना दिसतंय ते खिडकीतून, आपल्याला दिसतंय ते त्यांच्या तोंडावरून. पुढे कॅमेरा थेट आरशाच्या जागी जातो. जेवणाच्या वेळी ती आत जाऊन लिपस्टिक लावते, कानात डूल घालते, आपल्याकडे बघत. शेवटी हॉटेलच्या बाथरूममध्ये जेम्सही तसाच आपल्याकडे बघत उभा राहतो, मागच्या खिडकीतून घंटा ऐकू येतात. तो गाडी पकडणार की राहणार, हे कळत नाही.

सिनेमा निर्दोष नाही. तो थंड डोक्याने युक्तिवाद करणार आणि ती रडणार, चिडणार, ही वाटणी फार जुनी आहे, आणि पटकथा तिच्यातून पुरती बाहेर पडत नाही. ती वाटणी मोडते बिनोश. तिच्या चिडचिडीत विनोद आहे, लाडिकपणात हिशेब आहे, आणि एकाच वाक्यात ती तीन भाषांच्या उंबरठ्यावर उभी असल्यासारखी वाटते. विल्यम शिमेल मुळात ऑपेरातला गायक. त्याचा ताठरपणा कुणाला उणीव वाटेल, पण जेम्सला तो शोभतो.

पुण्यात इंजिनिअरिंग करणाऱ्या माझ्यासारख्या पुष्कळांनी पाहिलेलं पहिलं ‘इटालियन’ गाव म्हणजे लवासा. वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी, पोर्तोफिनोच्या धर्तीवर रंगवलेल्या इमारतींची रांग. पहाटे बाइकवरून जायचं, फोटो काढायचे, दुपारी परत. नक्कल म्हणून आम्ही हसायचो आणि तरी जायचो. योगायोग असा, की ‘सर्टिफाइड कॉपी’ आला त्याच २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने लवासाचं काम थांबवण्याची नोटीस काढली. डोंगर कापल्याचे, स्थानिकांच्या जमिनींचे वाद तेव्हा रोज छापून येत होते. आम्ही मात्र नक्कल जमलीय की नाही यावर बोलत होतो, आणि संध्याकाळच्या आत घरी पोहोचत होतो.

लात्सिओमधलं चिविता दि बान्योरेज्यो तर खरोखरचं जुनं गाव. ज्या डोंगरावर ते उभं आहे तो झिजत चाललाय, कायमचे रहिवासी मोजकेच उरलेत, आणि पादचारी पुलावरून आत जायला २०१३ पासून तिकीट आहे. माझ्या यादीत त्यापुढे मी लिहिलं होतं : दीड तास पुरे.

लुचिन्यानोत एक सोन्याचं झाड आहे, सिनेमातही दिसतं. लग्न झालेली जोडपी त्याच्यापुढे फोटो काढायला येतात. हे पवित्र अवशेष ठेवण्याचं पात्र १३५० मध्ये करायला घेतलं आणि १४७१ मध्ये पुरं झालं. १९१४ मध्ये ते चोरीला गेलं, पुढे त्याचे बरेचसे भाग मिळाले आणि जोडून ते पुन्हा उभं केलं. सिनेमातली नवी जोडपी त्याच्यापुढे हसत उभी राहतात आणि बिनोश जेम्सला त्यांच्या फोटोत ओढू बघते. तो आधी नकार देतो. त्याचं म्हणणं बरोबरच असेल, तो सोहळा म्हणजे नक्कलच. पण त्या क्षणी तिला मत नको होतं, तो शेजारी हवा होता.

सिनेमा संपल्यावर मी बायकोला विचारलं, तुला यातली कुठली गावं बघायची आहेत? हा प्रश्न मी आधी विचारलाच नव्हता. तिने यादी वाचली, आठ गावं उडवली. लुचिन्यानो ठेवलं, तिथे तीन रात्री. ‘अस्सलपणा’चा रकाना पुसून तिने त्या जागी एकच गोष्ट लिहिली : दुपारी काही नाही.