चौकटीत बसवलेले गणिती

गणिताच्या पाठ्यपुस्तकांत आणि शालेय मासिकांत गणितज्ञांसाठी एक चौकट राखून ठेवलेली असते. एका बाजूला चित्र (आर्यभट कसे दिसत होते हे कुणालाच ठाऊक नाही, तरी चित्र असतेच), त्याखाली जन्ममृत्यूची वर्षे, मग एक आख्यायिका आणि शेवटी 'जगाला दिलेली देणगी'. २२ डिसेंबरला, रामानुजन यांच्या जन्मदिवशी, राष्ट्रीय गणित दिन आला की याच चौकटी मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर चढतात आणि शाळेच्या व्हरांड्यात टांगल्या जातात. वर्धा जिल्ह्यातही आणि इतरत्रही आम्ही असे अनेक तक्ते वाचले आहेत. मुलांनी मेहनत घेतलेली असते. आमची तक्रार मुलांबद्दल नाही, ज्या मजकुरावरून ती उतरवून घेतात त्या मजकुराबद्दल आहे. त्यात गणिती असतात, पण गणित नसते. आणि पुष्कळदा इतिहासही नसतो.

सर्वांत आवडते वाक्य घेऊ : 'आर्यभटांनी शून्याचा शोध लावला.' आर्यभटीय हा ग्रंथ इ. स. ४९९ च्या सुमाराचा. त्यात संख्या लिहिण्यासाठी अक्षरांची पद्धत आहे आणि त्या पद्धतीत शून्याला वेगळे चिन्ह नाही. वर्गमूळ आणि घनमूळ काढण्याच्या त्यांच्या रीती पाहिल्या, तर दशमान स्थानमूल्य त्यांना पुरते अवगत होते हे दिसते. पण शून्य ही एक संख्या मानून तिच्या बेरजेचे, वजाबाकीचे, गुणाकाराचे नियम सांगितलेले आढळतात ते ब्रह्मगुप्तांच्या ६२८ सालच्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात. तिथे शून्याला शून्याने भागले तर शून्य येते, असेही ते सांगतात. आज आपण हे मान्य करत नाही. पुढे सुमारे पाचशे वर्षांनी भास्कराचार्य, ज्या राशीचा छेद शून्य आहे तिला 'खहर' असे नाव देतात आणि ती अनंत मानतात. त्यांच्या लीलावतीत एक उदाहरण आहे. एका संख्येला शून्याने गुणले, त्यात तिचेच अर्ध मिळवले, तिनाने गुणले, शून्याने भागले. उत्तर ६३ आले, तर ती संख्या कोणती? ग्रंथातले उत्तर १४ आहे. १४ आणि ७ मिळून २१, त्याची तिप्पट ६३. म्हणजे शून्याने गुणणे आणि शून्याने भागणे ही परस्परांना पुसून टाकतात, असे इथे धरले आहे.

नववीच्या वर्गात हे उदाहरण फळ्यावर लिहून पाहावे. शून्याला शून्याने 'काटून' १ बरोबर २ सिद्ध करणारा एखादा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. तो जिथे अडखळतो, तिथेच ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य विचार करत थांबले होते. शून्याच्या अगदी जवळ जाणाऱ्या, पण शून्य नसलेल्या संख्येबाबत भास्कराचार्यांची रीत चालते आणि प्रत्यक्ष शून्याबाबत चालत नाही. हा भेद नीट मांडायला गणिताला आणखी कित्येक शतके लागली. चौकटीत हे काहीच येत नाही. तिथे शून्य एकदाच, एकाच माणसाला, आयते सापडते.

आता लीलावतीची गोष्ट. मुलीच्या पत्रिकेत वैधव्ययोग होता. तो टाळण्यासाठी भास्कराचार्यांनी अचूक मुहूर्त काढला. घटिकापात्र पाण्यात ठेवले. वाकून पाहताना मुलीच्या अलंकारातला मोती त्यात पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळला. दुःखी पित्याने मग तिच्या नावाचा ग्रंथ रचला. ही गोष्ट लीलावतीत नाही. ती आढळते अकबराच्या दरबारातल्या फैजी या कवीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी रचला शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास. मध्ये चारशेहून अधिक वर्षे गेली. खुद्द ग्रंथात उदाहरणे कधी मित्राला, कधी गणकाला, कधी एखाद्या तरुणीला उद्देशून घातलेली आहेत. त्यावरून मुलगी, पत्नी की केवळ कविकल्पना, हे ठरवता येत नाही.

भास्कराचार्यांच्या घराण्याबद्दल याहून भक्कम पुरावा आपल्या महाराष्ट्रात दगडावर कोरलेला आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथील तो शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. लेख शके ११२८ चा, म्हणजे १२०७ सालचा. त्यात त्रिविक्रमापासून भास्कराचार्यांचे वडील महेश्वर, स्वतः भास्कराचार्य, मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव अशी वंशावळ आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून चांगदेवाने मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या राजांनी त्याला देणगी दिली, असे त्यात नोंदलेले आहे. लेखाचा बराच भाग संस्कृतात असून शेवटचा त्या काळच्या मराठीत आहे. आठशे वर्षांपूर्वी गणित-ज्योतिषाच्या अभ्यासासाठी कुणी काय द्यायचे, हे गावच्या लोकांना कळेल अशा भाषेत लिहून ठेवावेसे कुणाला तरी वाटले. मोत्याच्या गोष्टीपेक्षा ही हकिकत कमी रोमांचक आहे का? आम्हांला तसे वाटत नाही. तरी तक्त्यावर मोतीच येतो.

आख्यायिका सांगूच नये, असे आमचे म्हणणे नाही. ती फैजीची म्हणून सांगावी. एका संस्कृत गणितग्रंथाचे बादशहाच्या इच्छेवरून फारसीत भाषांतर होते, आणि भाषांतरकाराला वाचकांसाठी एक गोष्ट जोडावीशी वाटते, हाही गणिताच्या इतिहासाचाच भाग आहे.

पण गोड गोष्टीचा एक तोटा असा, की तिच्यामुळे ग्रंथ उघडावासा वाटत नाही. लीलावतीतला व्यस्त त्रैराशिकाचा भाग पाहा. एक वाढले की दुसरे त्याच प्रमाणात कमी होते, तिथे हा नियम लावायचा. सोन्याचा कस, धान्य मोजण्याचे माप आणि प्राण्यांचे वय ही तिथली उदाहरणे. वयाचे उदाहरण असे आहे : सोळा वर्षांची दासी बत्तीस निष्कांना मिळते, तर वीस वर्षांची कितीला? लगेच पुढे तोच प्रश्न बैलाबद्दल. उत्तर १६ गुणिले ३२ भागिले २०, म्हणजे २५ पूर्णांक ३ पंचमांश निष्क.

शाळेत सांगताना हे उदाहरण बहुधा गाळले जाते. आम्हांला ते गाळणे पटत नाही. मुलीच्या दुःखावर उतारा म्हणून ग्रंथ लिहिणारा पिता आपण तक्त्यावर रंगवतो, आणि त्याच ग्रंथात मुलीची किंमत बैलाच्या किमतीशेजारी मांडलेली असते. गणिताचे पुस्तक ज्या बाजारातून आकडे उचलते, तो बाजार त्या पुस्तकात उतरतोच. आजच्या व्याजाच्या उदाहरणांत कर्ज कोण घेतो आणि कशासाठी घेतो, हेही आठशे वर्षांनी कुणीतरी वाचील. दहावीच्या मुलांना हे समजते. त्यांच्याशी यावर बोलण्याची तयारी मात्र शिक्षकाला आधी करावी लागते. 'लीलावती पुनर्दर्शन' हे फडके यांचे मराठी पुस्तक १९७१ मध्ये निघाले, आणि कोलब्रुक यांचे इंग्रजी भाषांतर तर १८१७ पासून आहे. मूळ पाहायला मिळत नाही, ही सबब त्यामुळे टिकत नाही.

व्यस्त त्रैराशिकाचा विषय निघालाच आहे, तर वर्ध्याबद्दल बोलणे भाग आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीमचा अभ्यासक्रम आखला गेला. हस्तोद्योगाशी प्रत्येक विषयाचा समवाय साधायचा, ही त्यातली मुख्य कल्पना. सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याने ती राबवली. गणितासाठी सूतकताईइतके चांगले साधन शोधून सापडणार नाही. सुताचा नंबर घ्या. इंग्रजी पद्धतीत एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे नंबर वाढला की सूत बारीक होते आणि लडीचे वजन घटते. दहा नंबरच्या लडीचे वजन पौंडाचा दहावा भाग, वीस नंबरच्या लडीचे विसावा. हे व्यस्त त्रैराशिकच आहे, आणि दासीच्या वयाच्या उदाहरणाहून खरेही, कारण वय आणि किंमत यांचे गुणोत्तर कुणीतरी मानलेले असते, तर सुताचे वजन मुलाला तराजूत दिसते.

तरीही नई तालीमच्या गणिताबद्दल एक शंका आम्हांला आहे. गणिताचा हेतू, हस्तोद्योगात आणि घरा-गावाच्या व्यवहारात येणारी उदाहरणे चटकन सोडवता यावीत, असा साधारणपणे त्यात धरलेला होता. समवाय तिथे थांबला, तर गणित हिशेबापाशी थांबते. लीलावती तिथे थांबत नाही. त्यात व्याज आहे, धान्याच्या राशी आहेत, लाकूड कापण्याची मजुरी आहे. पण शेवटाकडे कुट्टक येतो, अंकपाश येतो; ठरावीक अंकांपासून किती वेगवेगळ्या संख्या बनतील, हा प्रश्न कोणत्याही बाजारात कुणी विचारत नाही. बाजारातून सुरू होऊन बाजाराबाहेर जाण्याची ही चाल नई तालीमवाल्यांनी लीलावतीतून घेतली असती, तर बरे झाले असते. २००५ पासून सेवाग्रामला आनंद निकेतन शाळा पुन्हा सुरू आहे. जिल्ह्यातल्या शिक्षकांना समवाय ही काही ऐकीव गोष्ट नाही, म्हणून हे इथे मोकळेपणाने मांडतो आहोत.

बाजाराबाहेरचे भास्कराचार्य पाहायचे, तर त्यांच्या बीजगणिताकडे वळावे. प्रश्न असा : एका पूर्ण संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला, तर पुन्हा पूर्ण वर्ग यावा, ती संख्या कोणती? सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० हे आहे, आणि येणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ चा असतो. एकेक संख्या घालून पाहणाऱ्याचा जन्म जाईल. भास्कराचार्यांनी चक्रवाल रीतीने काही पायऱ्यांत हे उत्तर काढले. ही रीतही त्यांना आकाशातून मिळालेली नाही. तिच्या मुळाशी ब्रह्मगुप्तांची भावना आहे, आणि चक्रवालाचे एक रूप जयदेव नावाच्या गणितीच्या श्लोकांत सापडते. ते श्लोक १०७३ सालच्या एका टीकेत उद्धृत आहेत.

भावना आठवीच्या मुलालाही जमते. ६१ ऐवजी २ घ्या. २ च्या वर्गाची दुप्पट ८, त्यात १ मिळवला की ९, म्हणजे ३ चा वर्ग. जोडी झाली ३ आणि २. आता ३ चा वर्ग अधिक २ च्या वर्गाची दुप्पट, म्हणजे १७. आणि ३ व २ यांच्या गुणाकाराची दुप्पट, म्हणजे १२. नवी जोडी १७ आणि १२ : १४४ ची दुप्पट २८८, अधिक १, बरोबर २८९. एका जोडीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. १७ ला १२ ने भागून पाहिले, तर २ च्या वर्गमूळाच्या जवळ येतो. तिसरी जोडी ९९ आणि ७०. ती आणखी जवळ.

हाच ६१ चा प्रश्न फर्मा यांनी १६५७ मध्ये फ्रेनिकल या फ्रेंच गणितीला पाठवला. भारतात तो पाचशे वर्षांपूर्वी सुटला आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. पुढे अशा समीकरणांना पेल यांचे नाव चिकटले, तेही ऑयलर यांच्या गैरसमजुतीने. प्रत्येक वेळी उत्तर असतेच, हे लग्रांज यांनी अठराव्या शतकात सिद्ध केले. म्हणजे 'आधी आम्ही' एवढेच म्हणून विषय संपत नाही. रीत एकीकडे, सिद्धता दुसरीकडे, आणि दोन्ही हव्यात.

गंमत अशी, की याच फ्रेनिकल यांनी त्याच १६५७ साली १७२९ ही संख्या दोन घनांच्या बेरजेने दोन प्रकारे येते, हे दाखवलेले होते : १ आणि १२ यांचे घन, ९ आणि १० यांचे घन. तक्त्यावर मात्र १७२९ म्हणजे हार्डी यांची टॅक्सी आणि अंथरुणावरून क्षणात उत्तर देणारे रामानुजन. या गोष्टीने मुलांना असे वाटते, की प्रतिभा म्हणजे पाठांतराची जादू. रामानुजन यांची हस्तलिखिते वेगळेच सांगतात. दोन घनांची बेरीज तिसऱ्या घनापेक्षा फक्त १ ने चुकते, अशा अनंत जोड्या देणारी रीत त्यांनी शोधून ठेवलेली होती. ९ आणि १० यांच्या घनांची बेरीज १२ च्या घनाहून १ ने जास्त आहे. १३५ आणि १३८ यांच्या घनांची बेरीज १७२ च्या घनाहून १ ने कमी. गणकयंत्र घेऊन मुलांनी हे दुसरे तपासावे.

शेवटी आपल्याच पेशातले द. रा. कापरेकर. जन्म १९०५, निधन १९८६, देवळालीला शाळाशिक्षक, संख्यांच्या वेडापायी अनेकांनी थट्टा केलेले, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकन मासिकात लिहिल्यावर जगभर पोचलेले. त्यांची ६१७४ ही संख्या चौकटीत 'जादुई' म्हणून छापतात. चार अंक घ्या (सगळे सारखे नकोत), उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, तेच पुन्हा करत राहा. सातव्या पायरीपर्यंत ६१७४ येतेच. इथे चौकट संपते, आणि वर्गाचे काम इथून सुरू व्हायला हवे. प्रत्येक वजाबाकी नवाच्या पटीत का येते? कारण अंक तेच, फक्त जागा बदललेल्या, त्यामुळे नवाने भागल्यावर दोन्ही संख्यांची बाकी सारखीच उरते. तीन अंकांत काय होते? ४९५ येते. दोन अंकांत? तिथे मुक्कामाची संख्या नाही. ८१, ६३, २७, ४५, ९ असा फेरा सुरू होतो, आणि ९ ला ०९ लिहिले की ९० वजा ९, पुन्हा ८१. पाच अंकांतही एक मुक्काम नाही, फेरेच आहेत आणि ते तीन आहेत. त्यांतला सर्वांत लहान ५३९५५ आणि ५९९९४ या दोघांतच फिरतो. उरलेले दोन चार-चार संख्यांचे आहेत. ते आम्ही इथे मुद्दाम देत नाही. चाळीस मुलांनी वेगवेगळ्या संख्या वाटून घेतल्या, तर दोन तासिकांत सापडतात.