अपुऱ्या प्रयोगाचें परीक्षण

परीक्षकाच्या हातीं येणारी कलाकृति बहुधा पुरी झालेली असते. ग्रंथ छापून, शिवून, बांधून त्याच्या मेजावर येतो. चित्राचा रंग वाळलेला असतो. नाटकाचा पडदा वर जातो तेव्हां तालमी आतां संपल्या, असें निदान नाटकमंडळी तरी म्हणत असते. त्यामुळें कृति घडत असतांनाच तिच्याविषयीं काय बोलावें, किती बोलावें आणि बोललेलें अंकांत मांडावें कीं नाहीं, हा प्रश्न टीकाकारांस फारसा छळीत नाहीं. अमेरिकेंतील 'ड्रम कोर' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या वाद्यपथकांच्या स्पर्धांत मात्र तो दरवर्षीं जून महिन्यांत उभा राहतो. हंगामारंभींच्या त्या कच्च्या प्रयोगांस गुण देण्याची जी रीत तेथें रूढ आहे, तिचें गुणदोषविवेचन करण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

या पथकांची थोडक्यांत ओळख करून देणें अवश्य आहे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या संघटनांच्या आश्रयानें बिगुल व ढोल वाजवीत संचलन करणारीं पथकें वाढलीं आणि त्यांच्या स्पर्धाहि भरूं लागल्या. पुढें पथकांच्या चालकांनींच एकत्र येऊन १९७१ सालीं 'ड्रम कोर इंटरनॅशनल' ही संस्था काढली. तिची पहिली अजिंक्यपदाची स्पर्धा १९७२ सालीं विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथें झाली. आजच्या मोठ्या पथकांत सुमारें दीडशें तरुण-तरुणी असतात. पितळेचीं फुंकवाद्यें, तऱ्हेतऱ्हेचे ढोल, मैदानाच्या पुढच्या कडेस मांडलेलीं मारिंबासारखीं वाद्यें आणि निशाणें, लाकडी बंदुका व तलवारी उडवून झेलीत नाचणारें निशाणपथक, असा हा संसार आहे. बासरी, क्लॅरिनेट यांस येथें प्रवेश नाहीं. शंभर यार्ड लांबीचें फुटबॉलचें मैदान हीच रंगभूमि. दहा-बारा मिनिटांचा सारा प्रयोग तोंडपाठ वाजवावयाचा, आणि तोहि चालत, धावत, क्षणोक्षणीं नव्या आकृति रचीत. वयाची मर्यादा विशीच्या आरंभींच संपते. त्यामुळें प्रत्येकाच्या वांट्यास मोजकेच उन्हाळे येतात.

मे महिन्याच्या शेवटीं हीं मुलें शिबिरास जमतात. जूनच्या अखेरीस पहिली स्पर्धा होते, आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास अंतिम निर्णय लागतो. मधल्या सहा-सात आठवड्यांत रात्रीं प्रयोग करावा, बसगाडींत झोप काढावी, पहांटे नव्या गांवांतील एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेंत जमिनीवर पथारी टाकावी आणि सकाळीं पुन्हां उन्हांत सरावास उभें राहावें, असा क्रम चालतो. म्हणजे जूनमध्यें जो प्रयोग प्रेक्षकांपुढें येतो, त्याची रंगीत तालीमसुद्धां पुष्कळदां पुरी झालेली नसते. कित्येक पथकांचा शेवट अद्याप मैदानावर बसलेला नसतो. तो एका जागीं उभें राहून वाजविला जातो किंवा गाळलाच जातो. पोशाख आलेला नसतो, सजावटीचें सामान वाटेंत असतें.

तथापि जूनमधील कच्चेपणा सामानाच्या उणिवेपुरता नाहीं. तो ध्वनीच्या गतींतच आहे. मैदानाची खोली सुमारें एकोणपन्नास मीटर भरते. हें अंतर कापावयास ध्वनीस एका सेकंदाचा जवळजवळ सातवा भाग लागतो. मिनिटास एकशें ऐशीं मात्रांच्या लयींत एक मात्रा सेकंदाच्या तिसऱ्या भागाएवढी असते. आतां मागच्या कडेचा वादक पुढच्या वाद्यांचा आवाज ऐकून वाजवूं लागला, तर तो आवाज त्याच्यापर्यंत उशिरां पोंचतो, आणि त्याचें उत्तर पुढें येण्यास पुन्हां तेवढाच उशीर लागतो. दोन्ही मिळून पाऊण मात्रेहून अधिक अंतर पडतें. म्हणून मागच्यानें कानावर भरंवसा न ठेवतां संचालकाच्या हाताकडे पाहावयाचें, आणि पुढच्यांनीं मागून येणाऱ्या आवाजास कान देऊन त्याच्याशीं जुळवून घ्यावयाचें, असा संकेत आहे. सांगावयास हा एका वाक्याचा नियम आहे. परंतु धांवतां धांवतां, श्वास फुललेला असतां स्वतःच्या कानावर अविश्वास ठेवावयास शिकणें हें कांहीं एका पंधरवड्याचें काम नव्हे. जूनमध्यें एखादा सुंदर स्वरसमूह मैदानाच्या मध्यभागीं फाटलेल्या वस्त्राप्रमाणें दोन ठिकाणीं लोंबूं लागतो, याचें कारण बहुधा हें असतें. वरच्या सज्जांत बसलेल्या परीक्षकास ती चीर स्पष्ट ऐकूं येते. रांगेंतल्या वादकास आपण अगदीं तालांत आहों असें वाटत असतें. परीक्षकाची गरज आहे ती येथें.

या परीक्षकांचें गुणपत्रक शंभरांचें असतें. चाळीस गुण एकंदर परिणामाचे; ते दोन परीक्षकांत वांटलेले. तीस गुण दृश्यांगाचे आणि तीस संगीताचे. या प्रत्येक अंगास तीन परीक्षक असून प्रत्येकजण विसांपैकीं गुण देतो व बेरजेची निमपट धरली जाते. विसांचेहि पुन्हां दोन भाग: रचनेंत काय करावयास दिलें आहे याचे दहा, आणि दिलेलें कसें पार पडलें याचे दहा. शिवाय प्रयोग चालू असतां परीक्षक आपलें म्हणणें ध्वनिमुद्रित करीत असतो, आणि तें मुद्रण पथकाच्या शिक्षकांच्या स्वाधीन होतें. जूनमध्यें साठी-सत्तरींत असलेले गुण ऑगस्टपर्यंत चढत जातात, आणि श्रेष्ठ पथकें नव्वदीच्या पुष्कळ वर पोंचतात. २०१४ सालीं 'ब्लू डेव्हिल्स' या पथकानें अंतिम स्पर्धेंत ९९.६५ गुण मिळविले.

पूर्वींची पद्धति निराळी होती. परीक्षक हातांत फळी-पेन्सिल घेऊन वादकांच्या रांगांतून हिंडत. कोणाची ढोलकाठी मागेंपुढें पडली, पाऊल चुकलें, सूर फुटला, कीं एक खूण करीत, आणि प्रत्येक खुणेगणिक एक दशांश गुण कापला जाई. या रीतींत एक मोठा सद्गुण होता. जें घडलें तेंच मोजलें जाई. पथकाचें नांव कोणतें, गतवर्षीं तें कितवें आलें, पुढें त्याचें काय होईल, हे विचार त्या खुणेंत शिरूं शकत नसत. पण दोषहि तितकाच मोठा होता. ज्यानें कमी केलें त्याचें कमी चुकलें. साहस करणाऱ्यास दंड आणि सावधपणास बक्षीस, असा त्या हिशेबाचा कल होता. १९८० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धांत ती रीत मोडली गेली, आणि केलेल्या कामास शून्यापासून चढत गुण देण्याची आजची दृष्टि आली. त्याच सुमारास, १९८३ पासून १९८५ पर्यंत, 'गारफील्ड कॅडेट्स' हें पथक लागोपाठ तीनदां अजिंक्य ठरलें. जॉर्ज झिंगाली या रचनाकारानें त्याच्या संचलनांतील आरशासारखी दुतर्फा सारखी मांडणी मोडून वेगानें वाहणाऱ्या, एकींतून दुसरींत वितळणाऱ्या आकृति मैदानावर आणल्या होत्या. अशा कल्पनांचें मोल नुसत्या खुणा मोजून होत नाहीं, हें कोणासहि मान्य व्हावें.

परंतु बदलाबरोबर एक नवा दोष दारानें आंत आला, आणि आमचा मुख्य आक्षेप त्यावर आहे. चढत्या गुणांच्या पद्धतींत परीक्षकास जूनमध्येंच ऑगस्टची काळजी घ्यावी लागते. आज अंमळ सढळ हातानें गुण दिले, तर सात आठवड्यांच्या वाढीस वर जागा उरत नाहीं. म्हणून शेवटीं पथक कोठें पोंचेल याचा अंदाज बांधून तो मागें मोजीत आणतो. असें झालें कीं अंक समोरच्या प्रयोगाचा राहत नाहीं. तो एक भाकीत होऊन बसतो. आणि भाकितास आधार कशाचा? गतवर्षींच्या क्रमांकाचा, शिक्षकांच्या कीर्तीचा, पथकाच्या नांवाचा. परीक्षक पथकांस आधींच ठरलेल्या खणांत बसवितात, अशी प्रेक्षकांची तक्रार फार जुनी आहे. आम्ही परीक्षकांच्या सचोटीविषयीं शंका घेत नाहीं. सचोटीच्या माणसासहि ही रीत त्याच वाटेस लावते, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

कैरीची परीक्षा कैरी म्हणूनच व्हावी. ती आंबट लागते म्हणून टाकूं नये. आणि झाड हापुसाचें आहे म्हणून आजच तिला हापुसाचा भावहि देऊं नये. नामांकित पथकाच्या फाटक्या सुरांस 'पुढें सुधारेल' म्हणून मिळालेला गुण, आणि अनोळखी पथकाच्या नीट जुळलेल्या सुरांस 'पुढें टिकणार नाहीं' म्हणून नाकारलेला गुण, हे दोन्ही एकाच अन्यायाचे दोन हात आहेत.

त्यांत आणखी एक घोटाळा मिसळतो. हंगामाच्या आरंभीं कॅलिफोर्नियांतील पथकें तिकडेच खेळतात, मध्य व पूर्व भागांतील इकडे. परीक्षक निराळे, हवा निराळी, मैदानें निराळीं. तरी दुसऱ्या दिवशीं सर्वांचे अंक एका कोष्टकांत मांडून दशांशाच्या फरकावर वाद रंगतात. एका रात्रीं एकाच परीक्षकानें दोन पथकांत दाखविलेला फरक अर्थपूर्ण असतो. दोन गांवच्या दोन अंकांतील फरक बहुधा निरर्थक असतो. अंतिम रात्रीं मात्र दशांशाच्या अंशासहि वजन येतें. २००८ सालीं 'फँटम रेजिमेंट' या पथकानें आपल्या 'स्पार्टाकस' या प्रयोगानें ९८.१२५ गुण मिळविले आणि 'ब्लू डेव्हिल्स'ना ९८.१०० मिळाले, अवघ्या ०.०२५ नें अजिंक्यपद ठरलें. जेथें निकाल इतका सूक्ष्म असूं शकतो, तेथें जूनमध्यें मनांत आंखलेल्या खणांस पक्केपणा येऊं देणें किती धोक्याचें, हें निराळें सांगावयास नको.

मग हंगामारंभीं गुण देऊंच नयेत काय? असें म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांचें म्हणणें सहज उडवून लावण्यासारखें नाहीं. महामारीमुळें २०२० चा हंगाम रद्द झाला. २०२१ सालीं पथकें पुन्हां जमलीं तीं स्पर्धेविनाच. गुणांवांचूनहि मुलें जमतात, वाजवितात आणि लोक ऐकावयास येतात, हें त्या वर्षीं दिसलें. तरीसुद्धां अंक सर्वस्वीं काढून टाकावा असें आम्हांस वाटत नाहीं. गोड शब्दांत सत्य बुडविणें सोपें असतें. अंकास तशी सोय नाहीं. आपण दुसऱ्या पथकाच्या मागें आहों, हें कळण्याचा हक्क मुलांस आहे. मात्र जूनमधील अंकानें त्या रात्रींचा क्रम व अंतर सांगून गप्प बसावें, आणि बोलण्याचें काम परीक्षकाच्या वाणीवर सोपवावें.

कारण या सर्व खटाटोपांत खरी टीका ध्वनिमुद्रणांत असते. 'सुरेल नाहीं' असें म्हणणारा परीक्षक कांहींच सांगत नाहीं. तें शिक्षकासहि ऐकूं आलेलें असतें. 'आकृति उजवीकडे वळतांना मागच्या रांगेचीं पावलें लांबतात, श्वास अपुरा पडतो, म्हणून स्वराचा शेवट खालीं उतरतो,' असें जो सांगतो, तो दुसऱ्या दिवशींच्या सरावाची दिशा ठरवितो. दोष कोठें आहे, तो वादकाचा कीं रचनेचा, आणि रचनेचा असल्यास ती सोडण्याजोगी आहे कीं झगडण्याजोगी, हें तिहेरी निदान म्हणजे परीक्षकाची कसोटी होय. रचना अवघड असून ती अजून साधत नाहीं, आणि रचनाच चुकलेली असून ती कधींच साधणार नाहीं, या दोन गोष्टी जूनमध्यें ऐकावयास अगदीं सारख्या लागतात. त्यांतील भेद ओळखण्यास कान, डोळा आणि अनुभव तिन्ही लागतात. आणि तो ओळखून वेळींच सांगितला, तर मुलांचे सहा आठवडे वांचतात.

हे आठवडे कोणाचे आहेत, याचा विसर पडूं नये. सज्जांतील परीक्षकापुढें पुढच्या वर्षीं पुन्हां पथकें उभीं राहणार आहेत. मैदानांतील एखाद्या मुलास मात्र हा शेवटचा उन्हाळा आहे. फी भरून, घरदार सोडून, उन्हांत भाजून तो तेथें उभा आहे, आणि ऑगस्टनंतर वयानें त्यास हें दार कायमचें बंद होणार आहे. त्याच्या आजच्या वादनास गतवर्षींच्या नांवाची किंमत लावणें, मग ती अधिक असो वा उणी, ही त्याची फसवणूक आहे. त्यानें आज काय केलें, तें आज सांगावें. उद्यां तो काय करील, तें त्याच्यावर सोडावें. अपुऱ्या कृतीच्या परीक्षकास याहून मोठा अधिकार नाहीं, आणि याहून लहान कर्तव्यहि नाहीं.