सभा कीं टपाल?

वाङ्मयाच्या अभ्यासकानें संगणकाच्या कारागिरांनीं एकमेकांस लिहिलेल्या पत्रांकडे वळावें, हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु प्रश्न कसा विचारावा, उत्तर कसें द्यावें आणि हा व्यवहार कोणत्या जागीं चालावा, हे विषय मुळांत गद्याचेच आहेत. त्यांवरील दोन इंग्रजी लेखनांनीं गेल्या पंचवीस वर्षांत एका मोठ्या समाजाला वळण लाविलें आहे. एक म्हणजे एरिक रेमंड व रिक मोएन यांचा, प्रश्न शहाणपणानें कसे विचारावे हें सांगणारा २००१ सालचा निबंध. दुसरें, मुक्त आज्ञावलीचा उद्योग कसा चालवावा यावर कार्ल फोगेल यानें लिहिलेलें २००५ सालचें पुस्तक. या दोहोंचें परीक्षण करावें, आणि तें एका विशिष्ट वाचकाच्या बाजूनें करावें, असा येथें उद्देश आहे. तो वाचक म्हणजे ज्याची इंटरनेटची जोडणी क्षीण आहे किंवा वारंवार तुटते असा मनुष्य.

प्रथम या समाजाची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. मुक्तस्रोत आज्ञावली म्हणजे जिचा मूळ मजकूर कोणींही वाचावा, दुरुस्त करावा आणि दुसऱ्यास द्यावा अशी मोकळीक आहे ती. घरोघरच्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशीं असलेलें लिनक्स हें तिचें सर्वांच्या हातांतलें उदाहरण होय. अशा आज्ञावलीमागें बहुधा दुकान नसतें, म्हणून तक्रार घेऊन जावें असा दुकानदारही नसतो. अडलेल्यानें विचारावें आणि जाणत्यानें फुकट सांगावें, एवढ्यावर सारा व्यवहार चालतो. यास्तव जेथें विचारावयाचें ती जागा हेंच या समाजाचें घर असतें. ही जागा मेलिंग लिस्ट म्हणजे सर्व सभासदांस पत्र पोंचविणारी पत्रयादी असावी, वेबस्थळावरील चर्चापीठ असावें, कीं अहोरात्र चालू असलेली गप्पांची खोली असावी, याचा निर्णय सामान्यतः ज्यांची जोडणी कधीं तुटत नाहीं असे लोक करतात. पण दिवसांतून घटकाभर जोडणी मिळणाऱ्यास सभासद म्हणून राहतां येईल कीं नाहीं, हें त्याच्या बुद्धीपेक्षां या निवडीवर अधिक अवलंबून असतें.

रेमंड हा तिखट लेखणीचा गृहस्थ आहे. त्याच्या निबंधांतील वाक्यें आटोपशीर, उपदेश नेमका, आणि मुद्दाम जोपासलेला उद्धटपणाही वाचनीय आहे. पत्राचा विषय असा लिहा कीं तो वाचूनच जाणत्यास अडचण कळावी. स्वतःचा तर्क सांगूं नका, लक्षणें सांगा. जें घडलें तें घडल्या क्रमानें सांगा. असे त्याचे नियम आहेत. वैद्याच्या दारांत पाऊल टाकतांच आपल्या रोगाचें नांव आपणच सांगून मोकळा होणारा रोगी ज्यानें पाहिला आहे, त्याला या नियमांचें मोल निराळें सांगावयास नको. महाविद्यालयांत निबंधलेखन शिकवितांनाही हे नियम जसेच्या तसे उपयोगी पडतात, असा आमचा अनुभव आहे.

परंतु या निबंधाची इमारत एका गृहीतावर उभी आहे. विचारण्यापूर्वीं त्या जागेचीं जुनीं पत्रें धुंडाळा, वेबवर शोध घ्या, पुस्तिका वाचा, नेहमींच्या प्रश्नांची यादी पाहा, स्वतः प्रयोग करा, जाणत्या मित्रास विचारा, मूळ मजकूर वाचा, असें तो बजावतो. एवढें न करतां विचारलें तर 'पुस्तिका वाच' किंवा 'वेबवर शोध' अशीं तुटक उत्तरें मिळतात, आणि तीं नम्रपणें मान्य करावीं असाही त्याचा उपदेश आहे. आतां प्रयोगाला जोडणी लागत नाहीं, मित्राला लागत नाहीं; शोधाला मात्र लागते, आणि तीही भरपूर. थोडा हिशेब करून पाहावा. तीनशे इंग्रजी शब्दांचें साधें पत्र सुमारें दोन किलोबाइटांचें भरतें. सेकंदाला ९,६०० बिट वाहणाऱ्या जुन्या टेलिफोन-मोडेमवर तें दोन-तीन सेकंदांत हातीं पडतें. आजचें वेबपान सहज दोन मेगाबाइटांचें असतें. त्याच तारेवर त्यास पस्तीस मिनिटें लागतील. शिवाय शोध घेणाऱ्याचें एका पानानें भागत नाहीं, दहा उघडून नऊ टाकावीं लागतात. म्हणजे रेमंडनें ज्याला किमान शिष्टाचार म्हटलें, तो पाळावयास या मनुष्याचे पांच-सहा तास जावेत. आणि ज्याला तो उपद्रव समजतो तो प्रश्न मात्र तीन सेकंदांत पाठवितां यावा! निबंधाच्या अखेरच्या भागांत उत्तर देणाऱ्यांनाही चार शब्द सांगितले आहेत, आणि अडचणींतला माणूस असावा त्याहून मूर्ख दिसतो म्हणून सौम्य असा, हा त्यांतला एक आहे. तो भाग चांगला आहे. पण आळशी मनुष्य आणि ज्याच्यापाशीं साधनच नाहीं तो मनुष्य यांत भेद करावयास तोही शिकवीत नाहीं.

याचें नवल वाटतें तें अशासाठीं, कीं ही सारी परंपरा दुबळ्या जोडणींतूनच जन्मास आली. १९७९ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत ज्या यूजनेटची कल्पना निघाली, त्यांत एका संगणकानें दुसऱ्यास टेलिफोन करावयाचा, सांचलेलीं पत्रें द्यावयाचीं-घ्यावयाचीं आणि फोन ठेवावयाचा, अशी रीत होती. १९८४ सालच्या फिडोनेटनें तोच व्यवहार हौशी लोकांच्या घरगुती संगणकांवर आणिला आणि रात्रीची एक वेळ टपालासाठीं राखून ठेविली. दक्षिण आफ्रिकेंतील ग्रॅहम्सटाउन (आतांचें मखांडा) येथील ऱ्होड्स विद्यापीठाचें इंटरनेटशीं पहिलें टपाल याच फिडोनेटवरून, अमेरिकेंतील पोर्टलंड येथील एका तज्ज्ञाच्या घरच्या संगणकामार्फत, चालत असे. २५ ऑगस्ट १९९१ रोजीं हेलसिंकीच्या एकवीस वर्षांच्या लिनस टॉरवाल्ड्सनें आपल्या नव्या उद्योगाची वार्ता दिली व लोकांचें मत विचारलें, तेंही यूजनेटवरील एका पत्रांतच. पत्र लिहिणारा आणि वाचणारा एकाच क्षणीं तारेवर असावा अशी अट यांपैकीं कशांतही नव्हती. फार काय, या समाजाच्या गद्याचे जे गुण रेमंड सांगतो, त्यांतले पुष्कळसे या अडचणींतूनच आले असावेत असें आम्हांस वाटतें. ज्याला उत्तरासाठीं उद्यांपर्यंत थांबावें लागतें, तो आजचा प्रश्न अर्धवट लिहीत नाहीं.

फोगेलची प्रकृति निराळी. सीव्हीएस व सबव्हर्जन या, आज्ञावलीच्या निरनिराळ्या आवृत्त्या जतन करणाऱ्या दोन प्रणालींच्या सहवासांत वाढलेला हा लेखक शांत, सोशिक आणि किंचित् पाल्हाळिक आहे. परस्परांशीं संवाद कसा साधावा यावरचें त्याचें प्रकरण हें पुस्तकांतील सर्वोत्तम होय. येथें मनुष्याची ओळख केवळ त्याच्या लेखनावरून होते, म्हणून लेखनाची काळजी घ्या, असें तो सांगतो. खासगींत ठरवूं नका, सर्वांसमक्ष ठरवा, याविषयींही त्याचा फार कटाक्ष आहे. आणि आमच्या वाचकाच्या दृष्टीनें हा नियम सोन्यासारखा आहे, कारण कुजबुजीचा पहिला बळी नेहमीं दूरचा सभासद असतो. याच प्रकरणांत तो जुन्या पत्रसंग्रहाचा उपयोग डोळ्यांत भरेल असा करावा, असें म्हणतो. उत्तर आपणांस तोंडपाठ असलें तरी जुनें पत्र हुडकून त्याचा दाखला द्यावा, म्हणजे संग्रह आहे आणि तो कामाचा आहे हें नवख्यास कळतें.

उपदेश उत्तम आहे; पण तो अर्ध्या वाटेवर थांबतो. दाखला म्हणजे व्यवहारांत एक दुवा, आणि ज्याला पान उघडत नाहीं त्याच्या हातीं दुवा देणें म्हणजे कुलूपबंद कपाटाचा क्रमांक सांगणें. जुन्या पत्रांतील चार ओळी नव्या पत्रांत उतरून द्याव्या आणि खालीं दुवा जोडावा, एवढी भर फोगेलच्या नियमांत घातली तर उत्तर देणाऱ्याचें अर्धें मिनिट खर्च होतें आणि विचारणाऱ्याचा दिवस वांचतो. आमच्या मतें चर्चास्थान निवडण्याइतकेंच या संवयीला महत्त्व आहे. वाईट जागीं चांगल्या संवयी लागल्या तर निभावतें. उलट उत्तम पत्रयादीवर नुसत्या दुव्यांचा पाऊस पडत असेल तर ती यादी असून नसल्यासारखी.

आतां गप्पांच्या खोल्यांविषयीं. २०१३ सालीं निघालेलें स्लॅक आणि २०१५ सालीं निघालेलें डिस्कॉर्ड यांनीं अनेक मुक्तस्रोत मंडळींना आपल्या अंगणांत ओढून नेलें. स्लॅकमध्यें प्रारंभीं आयआरसी या जुन्या, हलक्या गप्पापद्धतींतून शिरण्याची एक खिडकी होती; ती मे २०१८ मध्यें बंद करण्यांत आली. फुकट खात्यांत पूर्वीं शेवटचे १०,००० संदेश दिसत. २०२२ पासून ९० दिवसांपूर्वींचे दिसत नाहींत. आणि २०२४ पासून वर्षाहून जुने संदेश पुसलेच जातात. कंपनीनें आपल्या मालाचा कसा व्यवहार करावा हा तिचा प्रश्न. आम्ही तिला दोष देत नाहीं. परंतु ज्या समाजाची सारी पुंजी म्हणजे पूर्वीं दिलेलीं उत्तरें, त्यानें ती पुंजी अशा पेढीवर कां ठेवावी, हें कळत नाहीं.

दुसरा दोष याहून मोठा. १५ जानेवारी २०२२ रोजीं टोंगाजवळ समुद्रांतील ज्वालामुखीचा स्फोट होऊन त्या बेटांची समुद्राखालील केबल तुटली, ती पांच आठवड्यांहून अधिक काळ जोडली गेली नाहीं. मार्च २०२४ मध्यें आयव्हरी कोस्टच्या किनाऱ्यापाशीं एकदम चार केबली निकामी होऊन पश्चिम आफ्रिकेंतील अनेक देशांची जोडणी मंदावली. अशा ठिकाणच्या सभासदाची कल्पना करावी. तो परतला तेव्हां पत्रयादी असती तर पेटींत साठ-सत्तर पत्रें, प्रत्येकावर विषय लिहिलेला. नको तीं टाकून हवीं तीं वाचावीं, आणि पांच आठवड्यांपूर्वींच्या पत्रालाही आज उत्तर द्यावें. कोणी हंसत नाहीं. गप्पांच्या खोलींत मात्र हजारों तुटक ओळी वर सरकून गेलेल्या असतात, आणि त्यांतील कोणत्या ओळींत निर्णय झाला हें त्या खोलींत बसलेल्यांनाही धड सांगतां येत नाहीं.

तथापि पत्रयादीचे भक्त जें सांगत नाहींत तेंही सांगितलें पाहिजे. गप्पांच्या खोलींत ऊब असते. नवख्याला दोनशे लोकांच्या पेटींत आपलें अज्ञान पाठविण्याचें भय वाटतें, तें दोन ओळींच्या विचारपुशींत वाटत नाहीं. शिवाय यादीवरची भाषा पुष्कळदां निष्ठुर होती. खुद्द टॉरवाल्ड्सनें सप्टेंबर २०१८ मध्यें आपल्या कठोर पत्रांबद्दल क्षमा मागून कांहीं काळ काम बाजूस ठेविलें, आणि त्याच सुमारास लिनक्सच्या मंडळींनीं आचारसंहिता स्वीकारली. गप्पांकडे वळलेले तरुण केवळ चैनीसाठीं वळले, असें म्हणणें अन्यायाचें होईल. पुष्कळसे रेमंडच्या शिष्यांना कंटाळून वळले.

मधला मार्ग म्हणून डिस्कोर्स या चर्चापीठाचें नांव घेतलें जातें. पायथनच्या प्रमुख कारागिरांनीं २०२२ मध्यें आपली जुनी यादी सोडून तिकडे स्थलांतर केलें. त्याचें वेबपान जड आहे. परंतु प्रत्येक लेख पत्ररूपानें मागवितां येतो आणि पत्रानेंच उत्तर देतां येतें. चालकांनीं ही सोय जागती ठेवली तर दूरच्या सभासदाचें अडत नाहीं. पण ती चालू आहे कीं नाहीं हें चालकांनीं स्वतः केवळ पत्रावर एक आठवडा काढून पाहावें. वेबपान रोज उघडणाऱ्यास तिची मोडतोड कळतही नाहीं. डेबियनची रीत आम्हांस अधिक पसंत आहे. १९९३ सालीं स्थापन झालेल्या या प्रकल्पांत दोष कळवावयाचा तो आजही पत्रानें, आणि त्याचा निकाल लागल्याची नोंदही पत्रानेंच करतां येते. लिनक्सच्या गाभ्याच्या मंडळींनीं याहीपुढें जाऊन आपल्या याद्यांचा पत्रसंग्रह अशा रूपांत ठेविला आहे, कीं तो कोणासही आपल्या संगणकावर सबंध उतरून घेतां यावा आणि मग नव्या पत्रांपुरतीच भर घालीत राहावें. एकदां चांगली जोडणी मिळाली, मग ती शहरांतल्या एखाद्या ग्रंथालयांत कां असेना, कीं रेमंडला हवा असलेला शोध घरीं बसून, तारेवांचून घेतां येतो. किविक्स या २००७ सालच्या उद्योगानें विकिपीडियाबरोबर स्टॅक ओव्हरफ्लोच्या प्रश्नोत्तरांनाही असेंच गांठोड्यांत बांधून दिलें आहे.

तेव्हां एखाद्या लहान मंडळीनें आमचें मत विचारलें तर आम्ही म्हणूं: निर्णय आणि उत्तरें पत्रयादीवर, संग्रह सबंध उतरून घेण्याजोगा, गप्पांची खोली हवी तर खुशाल असावी, पण तेथें उलगडलेल्या प्रश्नाचें उत्तर त्याच दिवशीं कोणी तरी पत्रांत लिहून काढावें. हें शेवटचें काम कंटाळवाणें आहे आणि तें कोणालाच नको असतें. म्हणून तें पाळीपाळीनें नेमून द्यावें लागेल.

राहतां राहिली परीक्षणविषयांची गोष्ट. रेमंडचा निबंध एकाच साध्या, चित्रहीन पानावर आहे, आणि फोगेलचें संपूर्ण पुस्तक त्यानें फुकट, एका फाइलींत उतरून घेतां येईल असें ठेविलें आहे. क्षीण जोडणीच्या वाचकानें तीं दोन्ही एकदांच आणून ठेवावीं. रेमंडचे प्रश्नलेखनाचे नियम पाठ करावे, त्याचा शोधाचा आग्रह जोडणी येईपर्यंत बाजूस ठेवावा, आणि फोगेलचें संवादाचें प्रकरण मंडळीच्या चालकाला वाचावयास द्यावें.