गायरानातले लेखन : उपजीवी साहित्य, उत्सव आणि नवोदित लेखक

१

एखाद्या लोकप्रिय कलाकृतीतील पात्रे, प्रसंग किंवा समग्र कथाविश्व आधाराला घेऊन तिच्या वाचकांनीच केलेल्या नव्या लेखनास इंग्रजीच्या वळणाने 'फॅन फिक्शन' असे म्हटले जाते. या लेखनाचे महाजालावर उत्सव भरतात. उत्सवाला संयोजक असतात, नियमावली असते, नावनोंदणीची आणि लेखन सादर करण्याची मुदत असते. लेखनाचे बीज म्हणून एखादा विषय, प्रसंग वा वाक्य दिले जाते. इंग्रजीतील 'यूलटाइड' हा २००३ साली सुरू झालेला उत्सव या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ज्यांवर फारसे कोणी लिहिलेले नाही अशाच कलाकृती तिथे आधाराला घेतल्या जातात. सहभागी होणाऱ्या प्रत्येकाने दुसऱ्या कोणाच्या तरी इच्छेनुसार किमान १००० शब्दांची कथा भेट म्हणून लिहावयाची असते. कथा २५ डिसेंबरला खुल्या होतात. लेखकांची नावे मात्र १ जानेवारीला उघड होतात. मधल्या आठवड्यात मुरलेला लेखक आणि प्रथमच हात घालणारा नवखा यांना वाचणारा वाचक केवळ संहिताच वाचत असतो.

साहित्यव्यवहाराच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नाही. तरीही मराठी समीक्षेने या प्रकाराची फारशी दखल घेतलेली नाही. याचे कारण शोधू गेल्यास ते आपल्या साहित्यविचारातच सापडते. अव्वल इंग्रजीच्या काळापासून, आणि विशेषतः केशवसुतांनंतर, आपण कवीच्या स्वयंभू प्रतिभेला साहित्याचे उगमस्थान मानत आलो. त्यामुळे उसन्या कथेवर उभे असलेले लेखन हे सराव, अनुकरण अथवा विडंबन या तीनपैकी एका खणात टाकून मोकळे होण्याची सवय आपल्याला जडली. ही सवय तपासून पाहावी आणि अशा लेखनाचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करता येईल याचा विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ साली चाहत्यांच्या लेखनाचा अभ्यास मांडताना मिशेल द सर्तो यांच्याकडून 'चोरट्या शिकारी'चे रूपक घेतले. जमीनदाराच्या रानात शिरून आपल्या गरजेपुरते सावज उचलणारा वाचक, अशी ही कल्पना आहे. वाचकाच्या कर्तेपणाला तिने प्रतिष्ठा दिली हे खरे. परंतु रान कोणाचे तरी खाजगी आहे आणि त्याला कुंपण आहे, हे ती गृहीत धरते. मराठीच्या परंपरेला हे रूपक नीट लागू पडत नाही. आपल्याकडे कथेचे रान दीर्घकाळ गायरान होते. गायरानावर गावातील कोणीही गुरे चारावीत. ते कोणा एकाचे नसते. मात्र ते बेवारसही नसते. तिथे कसे वागावे याचे गावाने ठरवलेले संकेत असतात.

रुक्मिणीच्या विवाहाचे उदाहरण घेऊ. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महदंबेने 'धवळे' रचले ते ऋद्धिपूर येथे, श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहलीलेच्या प्रसंगी. प्रसंग उत्सवाचा, विषय आधीच ठरलेला, कथा भागवतातली, श्रोते समोर बसलेले, आणि रचना तिथल्या तिथे गायची. आद्य मराठी कवयित्री म्हणून जिचा गौरव होतो तिची ही रचना आजच्या परिभाषेत 'दिलेल्या बीजावर' झालेली आहे. त्यानंतर नरेंद्राने त्याच कथेवर 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिले. १५७१ मध्ये एकनाथांनी लिहिले. यांपैकी कोणालाही 'ही कथा तुमची नव्हे' असा आक्षेप ऐकून घ्यावा लागला नाही. मोरोपंतांनी तर एकाच रामकथेवर अष्टोत्तरशत रामायणे रचली आणि प्रत्येक वेळी स्वतःला नवे बंधन घालून घेतले. ओष्ठ्य वर्ण पूर्णपणे वर्ज्य केलेले निरोष्ठ रामायण हे त्याचे टोक. बंधनातून येणाऱ्या या कौशल्याला काव्य म्हणावे काय, हा वाद जुना आहे. येथे इतकेच लक्षात घ्यावयाचे की ठरलेली कथा आणि नेमून घेतलेला नियम ही जोडी मराठीला परकी नाही.

खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाईची गाणी म्हटली जातात. लहान मुलगी प्रथम मोठ्या मुलींच्या सुरात सूर मिसळते. पुढे ठरलेल्या चालीत ओळखीची नावे आणि नातीगोती बसवू लागते. ती काही नवे 'निर्माण' करीत आहे असे कोणी म्हणत नाही; पण शब्द आणि लय यांचा पहिला सर्जनशील अनुभव तिला येथेच मिळतो. नवोदिताच्या दृष्टीने उत्सवाचे कार्य नेमके हेच असते. कथा, चाल आणि श्रोते या तीन गोष्टी त्याला आयत्या मिळतात. सारे स्वतःच उभारण्याच्या भारातून तो सुटतो आणि त्याचे सारे लक्ष एका छोट्या फरकावर केंद्रित होऊ शकते.

३

मराठी महाजालावर असे उत्सव गेली अनेक वर्षे भरत आहेत. १९९६ साली सुरू झालेल्या 'मायबोली' या संकेतस्थळाच्या गणेशोत्सवात 'एसटीवाय' हा खेळ रूढ झाला. एकाने कथेचा आरंभ करावयाचा आणि पुढच्यांनी ती आपापल्या कल्पनेने पुढे न्यावयाची, असे त्याचे स्वरूप. नवख्याला येथे दुहेरी शिस्त लागते. आधीच्यांनी जे प्रस्थापित केले त्याच्याशी इमान राखावे लागते आणि पुढच्यासाठी वाट मोकळी ठेवावी लागते. कथानकाची कार्यकारणसंगती ही संकल्पना वर्गात फळ्यावर शिकवताना जितकी अमूर्त राहते तितकीच ती येथे मूर्त होते, कारण संगती बिघडली की पुढचा लेखक अडतो आणि तसे बोलूनही दाखवतो.

शतशब्दकथेचा इतिहास याहून बोलका आहे. नेमक्या १०० शब्दांच्या कथेचा हा प्रकार ब्रिटनमधील विज्ञानकथा-चाहत्यांच्या वर्तुळात, बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या विज्ञानकथा मंडळात, १९८०च्या दशकात रूढ झाला. त्याचे 'ड्रॅबल' हे नाव 'मॉन्टी पायथन' या विनोदी चमूच्या १९७१च्या पुस्तकातील एका काल्पनिक खेळावरून आले. पुढे चाहत्यांच्या लेखनोत्सवांनी तो उचलला. मराठीत येताना मात्र या प्रकाराचे उपजीवी अंग बहुतांशी गळून पडले. 'मिसळपाव'वरील स्पर्धांतून तो 'शशक' या लाडक्या नावाने स्वतंत्र कथाप्रकार म्हणून रुजला. 'मायबोली'च्या गणेशोत्सवातील 'शशक पूर्ण करा' या उपक्रमाने, कथेचा आरंभ सर्वांना समान देऊन, ते अंग वेगळ्या मार्गाने परत आणले. एकाच आरंभातून निघालेल्या अनेक कथा शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की नवोदिताला जे समजते ते केवळ स्वतःची कथा पाहून समजत नाही. कोणत्या शेवटाकडे सगळेच धावतात, हे त्याला दिसते. म्हणजेच रूढ संकेत दिसतो.

४

आता मूल्यमापनाचा प्रश्न. उसन्या आशयाचे साहित्य तोलण्याची साधने आपल्याजवळ नाहीत, हा समज खरा नाही. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतात दोन काव्यांतील सादृश्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिले प्रतिबिंबासारखे : आरशातल्या प्रतिमेला स्वतःचा प्राण नसतो. दुसरे चित्रासारखे : येथे रेखा-रंग वेगळे असले तरी प्राण क्षीणच. तिसरे दोन देहधारी माणसांतील साम्यासारखे : चेहरे मिळतेजुळते, पण जीव वेगवेगळे. पहिली दोन त्याज्य, तिसरे ग्राह्य. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त हाच विचार आणखी तपशिलाने पुढे नेला. हे विवेचन म्हणजे उपजीवी लेखनाच्या समीक्षेचा तयार पायाच होय.

उत्सवांतील लेखनाला हा निकष लावून पाहावा. मूळ प्रसंगच शब्द बदलून पुन्हा सांगणे हे प्रतिबिंब. कर्णाला आजच्या शहरात आणून त्याच्या हाती मोबाइल देणे, मात्र त्याचे दुःख आणि त्या दुःखाचा अर्थ जसाच्या तसा ठेवणे, हे चित्र. नवख्याची गफलत बहुधा येथे होते. वेष बदलला म्हणजे पात्र नवे झाले असे त्याला वाटते. तुल्यदेही सादृश्यासाठी मूळ कथेला एक प्रश्न विचारावा लागतो, जो तिने स्वतः विचारलेला नाही. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्णासोबत कुंती, दुर्योधन आणि कृष्ण निवेदन करतात, त्याचप्रमाणे शोण आणि वृषाली हीही निवेदन करतात. महाभारतात ज्यांना जवळजवळ आवाज नाही अशांना आवाज देणे, हीच चाहत्यांच्या लेखनातील सर्वांत फलदायी युक्ती आहे. 'मृत्युंजय' ही सावंतांची पहिलीच कादंबरी होती, हे येथे आवर्जून नोंदवावे लागते. उसनी कथा नवोदिताला खुजा करते, हा समज तिच्यापुढे टिकत नाही. या कादंबरीच्या भावविवश शैलीविषयी मतभेद असू शकतात. परंतु ते मतभेद शैलीविषयीचे आहेत, कथा उसनी असण्याविषयीचे नव्हेत.

५

गायरानाचे रूपक एका जागी थांबते, तेही स्पष्ट केले पाहिजे. रुक्मिणी आणि कर्ण सर्वांचे आहेत. 'व्यक्ती आणि वल्ली'तील माणसे तशी नाहीत. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे प्रताधिकार टिकतो, पु. ल. देशपांडे यांचे निधन २००० साली झाले, म्हणजे हे शेत २०६० अखेरपर्यंत बांधाआड आहे. बांध ओलांडणाऱ्यांतही फरक करावा लागतो. पु. लं.च्या नावावर खपवले जाणारे परक्यांचे मजकूर भ्रमणध्वनीवर सतत फिरत असतात. त्यांत खरा लेखक लपतो आणि मूळ लेखकाच्या माथी नको ते येते. उत्सवातील चाहता याच्या अगदी उलट वागतो : आधार कोणाचा ते सांगतो आणि आपले लेखन आपल्या (भले टोपण असेल त्या) नावाने ठेवतो. नवोदिताला लेखनाची नीती शिकवावयाची तर हा भेद सर्वांत आधी शिकवला पाहिजे.

उत्सवाची दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. उत्सव कौतुक करतो, पारख क्वचितच करतो. १९०७ साली जळगाव येथे पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. तिथे सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांनी कविता सादर केली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्यांना 'बालकवी' ही उपाधी दिली. धरणगावात जन्मलेल्या या मुलाला उत्सवाने नाव दिले, वाचक दिले. परंतु बालकवी थोर ठरले ते या सभेमुळे नव्हे. १९१८ पर्यंतच्या अल्प आयुष्यात, सभेपासून दूर, निसर्गाच्या आणि स्वतःच्या औदासीन्याच्या सोबतीने त्यांनी जे लिहिले त्यामुळे. 'बालकवी' हे नाव त्यांना आयुष्यभर चिकटले. त्यांची कविता मात्र त्या नावात मावली नाही.

भडगाव, पाचोरा, चाळीसगाव अशा तालुक्याच्या गावांत शिकणाऱ्या मुलांच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. नियतकालिके आणि प्रकाशक दूर शहरांत असल्याने त्यांच्या लेखनाचा आरंभ आता अनेकदा अशा उत्सवांतूनच होणार. वर्गात त्याला 'नक्कल' म्हणून झिडकारले तर पारख करण्याची आपली जबाबदारी आपण टाळली असे होईल, आणि मग उरेल ते केवळ टाळ्यांचे शिक्षण. उलट, आनंदवर्धनाची त्रिविध कसोटी हाती देऊन मुलांना त्यांच्याच कथा तोलावयास लावल्या, तर अभ्यासक्रमातला साहित्यशास्त्राचा पेपर आणि त्यांचे लेखन यांत आज असलेली भिंत खाली येईल. उत्सव नवोदिताला आरंभ देतो. त्या आरंभाचे काय झाले हे त्याला परखडपणे आणि आस्थेने सांगणे, हे समीक्षेचे काम आहे.