33 बसचं जाळं आणि बदलापूरची दुपार

संशोधनाच्या तयारीत असाल तर छतावरच्या सौरऊर्जेवरचे पेपर तुमच्या वाचनात येतीलच. बऱ्याच पेपरांचा निष्कर्ष सारखा असतो: जागोजागी छोटे वीजस्रोत बसवले की पुरवठ्याचा भरवसा वाढतो. पण हे तपासलंय कुठल्या जाळ्यावर, ते आधी बघा.

उत्तर बहुतेकदा 'आयईईई 33 बस' असं येतं. (बस म्हणजे इथे एसटी नव्हे; तारा जुळतात तो बिंदू.) बरान आणि वू यांनी 1989 मध्ये हे जाळं वापरलं, ते जोडण्या बदलून वीजगळती कमी कशी करायची हे दाखवायला. दाब 12.66 केव्ही, एकूण भार 3715 किलोवॅट, तिन्ही फेज समान. त्या कामासाठी ते उत्तम आहे. सगळे तेच वापरतात, त्यामुळे पद्धतींची तुलनाही सोपी होते. पण कुठली वाहिनी वर्षात किती वेळा बिघडते, ही माहिती त्यात नाहीच. भरवशाचा हिशेब करायचा तर ती बाहेरून उसनी आणावी लागते.

आता हेच जाळं घेऊन कल्याणच्या पुढे चला. उल्हासनगरच्या कॅम्पांमध्ये दुकानं आणि छोटे कारखाने दिवसभर वीज खातात. अंबरनाथला एमआयडीसी आहे. बदलापूरचं उलट: सकाळच्या लोकलने माणसं मुंबईकडे जातात, भर दुपारी कितीतरी फ्लॅट बंद असतात. ऊन कडक, वापर कमी. अशा वेळी छतांवर पॅनेल भरपूर असतील तर वीज उलटी डीपीकडे वाहते, व्होल्टेज वाढतं आणि मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर बंद होतो. संध्याकाळी माणसं घरी येतात, तेव्हा ऊन गेलेलं असतं. सगळ्या बिंदूंना भाराचा एकच आलेख लावणाऱ्या पेपरात ही तीन गावं एकच होऊन जातात.

दुसरी गोष्ट मला बदलापूरच्या मावशीने शिकवली. माझे पहिल्या वर्षाचे आलेख बघून तिने विचारलं, "मग लाईट गेली तरी लिफ्ट चालेल ना?" नाही चालणार. साधा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर वीज जाताच स्वतः थांबतो, आणि थांबायलाच हवा. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. माझ्या मॉडेलमध्ये मात्र बिघाडातही पॅनेल वीज देत होते. सुधारणा दिसत होती ती तिथूनच आली होती.

तिसरी: 33 बसमधला पहिला बिंदू कधी बंद पडतच नाही, असं धरलेलं असतं. 12 ऑक्टोबर 2020 ला 400 केव्हीची कळवा-पडघा वाहिनी बंद पडली, मुंबई-ठाण्याच्या मोठ्या भागातली वीज गेली, लोकल थांबल्या. अशा वेळी मुंबईला वेगळं काढून चालू ठेवायची व्यवस्थाही टिकली नाही. वरूनच वीज गेल्यावर काय, हा खरा प्रश्न पेपरात विचारलेलाच नसतो.

33 बस टाकून द्या असं मी म्हणत नाही. पण 'भरवसा वाढला' असं वाचलंत की शोधा: बॅटरी कुठे आहे, तुटलेला भाग वेगळा कोण करतो, आणि त्यानंतर व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी कोण सांभाळतं? उत्तर नसेल तर त्या पेपरने युनिट वाचवलेत, इतकंच. मावशीची लिफ्ट अजून अडकलेलीच आहे.