एकही अक्षर न गाळता

गोदाकाठच्या पार्थपूरचे सूर्यदास दैवज्ञ यांनी सोळाव्या शतकात एक विलोमकाव्य रचलं. सरळ वाचावं तर रामकथा, उलट वाचावं तर कृष्णकथा. जनुकांच्या लिपीतही मजकूर उलटतो. पण तिथं काय घडतं, ते रक्त गोठवणाऱ्या ‘फॅक्टर आठ’च्या जनुकात वाचावं.

एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळचं हे जनुक सुमारे १ लाख ८६ हजार अक्षरांचं. अर्थ २६ तुकड्यांत विखुरलेला, मधे लांबलचक अंतरं. बाविसाव्या तुकड्यानंतरच्या अंतरात साडेनऊ हजार अक्षरांचा एक परिच्छेद आहे. जनुकाबाहेर, चार-पाच लाख अक्षरांपलीकडे, जवळजवळ तोच परिच्छेद उलट दिशेनं लिहिलेला आहे. या रचनेतलं नाट्य इथंच दडलंय. पुरुषाची बीजपेशी घडताना एक्सला पूर्ण लांबीचा जोडीदार नसतो. तो कधी स्वतःवरच दुमडतो, दोन्ही परिच्छेद एकमेकांना भिडतात, त्यांच्यात सांधेबदल होतो आणि मधला सारा मजकूर फिरतो. पहिले २२ तुकडे उलटे होऊन दूर जातात, शेवटचे ४ जागीच उरतात.

एकही अर्थवाही अक्षर गळलेलं नसतं, बदललेलंही नसतं. तरी वाक्य पुरं होत नाही. म्हणूनच एकेक तुकडा तपासणाऱ्या संशोधकांना हिमोफिलिया ‘ए’ या रक्त न गोठण्याच्या आजाराच्या जवळपास निम्म्या तीव्र रुग्णांत दोष सापडेना. १९९३ साली उलगडा झाला : तीव्र हिमोफिलिया ‘ए’च्या शंभरांतल्या सुमारे ४५ जणांत हीच उलटापालट असते. अक्षरांइतकाच त्यांचा क्रम आणि दिशाही अर्थ घडवते, हे या जनुकाइतकं ठसठशीतपणे क्वचितच दिसतं.

सातारा-सांगलीकडच्या एखाद्या घरात रांगत्या मुलाचा गुडघा सुजतो, निदान होतं आणि बोट आईकडे वळतं. हा मजकूर नीट वाचला की ते बोट खाली येतं. उलटापालट बहुतेकदा आधीच्या पिढीतल्या एखाद्या पुरुषाच्या बीजात, कुणाच्याही वागण्याशी संबंध नसताना घडलेली असते. आई ती फक्त पुढे वाहते. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी तपासणीत ती सापडते. मग मावशी, बहीण यांनाही आपण वाहक आहोत का, हे आधीच कळू शकतं. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात हिमोफिलियाचं डे केअर केंद्र आहे. वेळेवर मिळालेलं फॅक्टर आठ मुलाचे सांधे वाचवतं. उलटलेला मजकूर आज सहजी सुलटा करता येत नाही. पण तो अचूक वाचता येतो, आणि त्या वाचनानं आईवरचा आळ पुसला जातो, हे मला या विज्ञानाचं सर्वांत मोठं देणं वाटतं.