धुके दिसते, तोटा दिसत नाही

पवनऊर्जेवरील लेखांत आणि व्याख्यानांत एक छायाचित्र हमखास भेटते. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यासमोर, उत्तर समुद्रात ‘हॉर्न्स रेव्ह 1’ प्रकल्पाच्या 80 पवनचक्क्या ओळीने उभ्या आहेत आणि पुढच्या रांगेतील चक्क्यांमागे धुक्याचे पांढरे पट्टे लांबवर पसरले आहेत. 12 फेब्रुवारी 2008 रोजी टिपलेले हे चित्र देखणे आहे, यात वाद नाही. तक्रार आहे ती त्याखालच्या मजकुराबद्दल. पुढच्या चक्क्यांमुळे मागच्यांची वीज किती घटते ते येथे दिसते, अशा अर्थाचे काहीतरी तेथे बहुधा लिहिलेले असते. नेमके तेच या चित्रात दिसत नाही.

मूळ तत्त्व बरोबर आहे. चक्की वाऱ्यातील ऊर्जा काढून घेते, म्हणून तिच्यामागे मंद आणि खळबळती हवा उरते. नाव पुढे गेल्यावर पाण्यात जो पट्टा राहतो त्याला इंग्रजीत वेक म्हणतात; या हवेलाही तोच शब्द आहे. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग सेकंदाला 10 मीटरवरून 8 वर आला, की शक्ती 0.8 × 0.8 × 0.8, म्हणजे 0.512 पट होते. वेगात पाचव्या हिश्शाची घट, शक्तीत जवळजवळ निम्म्याची!

पण त्या दिवशी काय घडले होते? उपग्रहांची निरीक्षणे आणि चक्क्यांमधील नोंदी तपासून 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला शोधनिबंध सांगतो, की वारा चक्की जेमतेम सुरू होण्याइतकाच होता आणि बहुतेक चक्क्या अत्यल्प वीज देत होत्या. उबदार पाण्यावर थंड, दमट हवेचा थर होता. फिरत्या पात्यांनी खालची बाष्पयुक्त हवा वर ओढली आणि धुके धरले. पट्ट्यांचा पांढरेपणा बाष्पाची गोष्ट सांगतो, वाऱ्याच्या वेगाची नव्हे.

शेजारच्याच ‘हॉर्न्स रेव्ह 2’ची 25 जानेवारी 2016 ची छायाचित्रे याच्या अगदी उलट आहेत. वारा सेकंदाला 13 मीटर, वेक लांब आणि रेखीव, पण बहुतेक चक्क्या पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालू! वारा इतका भरपूर, की थोडा मंदावूनही मागच्या चक्कीला पुरत होता. खरा तोटा होतो तो या दोन टोकांच्या मधल्या वेगांना, आणि त्या वेळी धुके हजर असेलच असे नाही.

मग तोटा मोजायचा कसा? ‘पुढे चक्की नसती तर किती वीज मिळाली असती’ हा आकडा कोणतेच उपकरण देत नाही. म्हणून पुढच्या रांगेचे उत्पादन 100 मानून मागच्यांची तुलना करतात. पुढची रांग कोणती, हे मात्र वाऱ्याची दिशा ठरवते, आणि चक्कीच्या डोक्यावरचा वातकुक्कुट पात्यांच्या मागे, ढवळलेल्या हवेत असतो. हॉर्न्स रेव्ह 1 मध्ये दोन चक्क्यांतील अंतर 560 मीटर आणि पात्यांच्या चक्राची त्रिज्या 40 मीटर आहे. दिशेत अवघ्या 3 अंशांची चूक झाली, तर वेकचा मध्य मागच्या चक्कीपाशी सुमारे 29 मीटर सरकतो. (दहावीच्या विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.)

वारा बरोबर रांगेच्या रोखाने वाहतो तेव्हा येथील दुसरी चक्की पहिलीपेक्षा सुमारे 40 टक्के कमी वीज देते. हा आकडा फार उद्धृत होतो, पण तो काही अंशांच्या अरुंद पट्ट्यापुरता आहे. पट्टा 30 अंशांचा घेतला, तर हीच घट बरीच कमी दिसते. सर्व दिशा धरून मोठ्या सागरी प्रकल्पांचा सरासरी तोटा 10 ते 20 टक्के सांगितला जातो. दिशेचा पट्टा न सांगता यांतला एकच आकडा फेकणे म्हणजे तापमान सांगून ठिकाण आणि वेळ न सांगणे.

आणि ती 100 मानलेली रांग? ऑक्टोबर 2019 मध्ये ओर्स्टेड या डॅनिश कंपनीने जाहीर केले, की वीजउत्पादनाचे अंदाज करताना तिने वेकचा, तसेच अडथळ्याचाही परिणाम कमी धरला होता. अडथळा म्हणजे असा, की संपूर्ण प्रकल्पाच्या दाटीमुळे वारा पहिल्या रांगेपर्यंत पोचण्याआधीच थोडा मंदावतो. पहिल्या रांगेशी केलेल्या तुलनेत हा तोटा उतरूच शकत नाही, कारण तेथे भाजकच आधी घटलेला असतो.